"हात बघ त्याचा": गाण्यांच्या व्हिडिओंत दुःख नेमकं कुठे दिसतं?

निळी_शाई

माझे बाबा सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत संगीतशिक्षक होते. आयुष्यभर पेटी वाजवली. आठ वर्षांपूर्वी कंपवात सुरू झाला, आधी उजव्या हाताला, मग दोन्ही. पेटी कपाटावर गेली. आई होती तोवर ती दर दिवाळीला पेटीवरचं पांढरं कापड धुवायची. आता मी धुते.

गेल्या महिन्यात एका रात्री मी लॅपटॉपवर जॉनी कॅश या अमेरिकन गायकाच्या 'हर्ट' गाण्याचा व्हिडिओ बघत होते. बाबा मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. त्यांना इंग्रजी गाण्यातलं काही कळत नाही, आणि पडद्यावरचा म्हातारा कोण हेही त्यांना ठाऊक नव्हतं. गाणं संपलं, त्या माणसाने पियानोचं झाकण लावलं, आणि बाबा एवढंच म्हणाले, "हात बघ त्याचा." मग आत जाऊन झोपले.

त्या रात्रीपासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढते आहे.

ज्यांनी व्हिडिओ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. गाणं मुळात नाइन इंच नेल्स या बँडचं, ट्रेंट रेझनरने लिहिलेलं, १९९४ च्या अल्बममधलं. एका तरुण माणसाने स्वतःच्या आत उतरून केलेलं ते गाणं आहे. निर्माता रिक रुबिनने ते कॅशकडून गाऊन घेतलं आणि २००२ मध्ये ते आलं. व्हिडिओ मार्क रोमानेकने केला. त्याला आधी लॉस एंजेलिसमध्ये सेट लावून चित्रीकरण करायचं होतं, पण कॅशची तब्येत प्रवासाची नव्हती. म्हणून ते टेनेसीतल्या हेंडरसनव्हिलला, कॅशच्या घरीच झालं. जवळच त्याच्या नावाचं संग्रहालय होतं, ते तेव्हा बंद पडलेलं, पडझड झालेलं. रोमानेकने ते जसं होतं तसंच दाखवलं. फुटक्या काचेची मानाची तबकडी, कुलूपबंद दार.

कॅश तेव्हा सत्तरीचा. समोर मेजवानीचं टेबल मांडलेलं आहे आणि जेवायला कुणीच नाही. तो पेला उचलतो आणि वाइन टेबलावर ओतून टाकतो. ओतताना हात थरथरतो. मध्येमध्ये त्याच्याच तरुणपणातली जुनी चित्रफीत येते: रेल्वेच्या टपावर, तुरुंगातल्या कैद्यांसमोर, रुबाबदार, काळ्या कपड्यांत. एका क्षणी मागे जिन्यावर त्याची बायको जून कार्टर उभी दिसते आणि त्याच्याकडे बघत राहते. तिच्या चेहऱ्यावर जे आहे त्याला माझ्याकडे शब्द नाही. जून कार्टर १५ मे २००३ ला गेली, तो त्याच वर्षी १२ सप्टेंबरला. ते घर २००७ मध्ये आगीत जळालं.

मला जे वाटतं ते मांडते, पटलं नाही तर स्पष्ट सांगा. गाण्याचा व्हिडिओ दुःख खरेपणाने दाखवतो तो अभिनय थांबतो तेव्हाच. शरीर आपण होऊन जे बोलतं तेवढंच खरं. पावसात गुडघ्यावर बसून आकाशाकडे बघणारा नायक, भिंतीवर मारलेली मूठ, आरशाचा चुरा... हे सगळं मला दुःखाचं नाटक वाटतं. तुम्हाला कोणत्या व्हिडिओत दुःख दिसलं? आणि नेमकं कुठे दिसलं?

---

कात्री_आणि_टेप

ताई, मी वीस वर्षं मुंबईत एडिटिंग करतो आहे. सुरुवातीची आठ वर्षं निव्वळ गाण्यांचे व्हिडिओ कापले, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्या 'हर्ट'मध्ये एक गोष्ट लक्षात घ्या. आवाज आधीच रेकॉर्ड झालेला आहे. कॅमेऱ्यासमोर तो नुसते ओठ हलवतो आहे, आपल्या सिनेमात प्लेबॅकवर हलवतात तसे. म्हणजे 'गाणं' हा तिथे अभिनयच आहे. हात मात्र प्लेबॅकवर हलत नाहीत. बाबांनी नेमकं तेच पकडलं. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

आणि कापणी. बरीच मिनिटं म्हातारा कॅश आणि जुनी चित्रफीत सावकाश आलटून पालटून येतात. शेवटाकडे पियानोचा एकच सूर ठोकत राहतो तेव्हा कट इतके जवळ येतात की तरुण चेहरा आणि म्हातारा चेहरा डोळ्यांत एकमेकांवर बसतात. अंतर्द्वंद्व म्हणतात ते तिथे कापणीतून उभं केलं आहे. एक माणूस स्वतःच्याच पन्नास वर्षांशी भांडतो आहे आणि त्यासाठी एकही संवाद लागलेला नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त शिकवलं ते आयरिश गायिका सिनेड ओ'कॉनरच्या 'नथिंग कम्पेअर्स टू यू'ने, १९९० चा व्हिडिओ. गाणं मुळात अमेरिकन गायक प्रिन्सचं. दिग्दर्शक जॉन मेबरीने पॅरिसजवळच्या एका बागेत तिला काळ्या कोटात चालताना भरपूर चित्रित केलं होतं. शेवटी बाग अधूनमधूनच दिसते, व्हिडिओ उरला तो चेहऱ्याचा. काळी पार्श्वभूमी, जवळजवळ भादरलेलं डोकं, आणि सरळ आपल्याकडे बघणारे डोळे. केस नाहीत, दागिना नाही, मागे काही नाही, म्हणजे बघणाऱ्याच्या नजरेला पळायला जागाच ठेवलेली नाही. आईने लावलेल्या फुलांची ओळ येते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. ते ठरलेलं नव्हतं. तिची आई १९८५ मध्ये मोटार अपघातात गेली होती, आणि मायलेकींचं नातं फार जखमांचं होतं. मारणाऱ्या आईबद्दल ती पुढे आयुष्यभर बोलली. प्रियकराच्या विरहाचं गाणं म्हणताना आतून आई वर आली.

अशा जागी एडिटरचं काम एकच: हात मागे घ्यायचा. मी असतो तर त्या क्षणी घाबरून बागेचा शॉट टाकला असता. ज्याने टाकला नाही तो मोठा.

---

आडवाटेचा_प्रवासी

मला आर. ई. एम. या अमेरिकन बँडचा 'एव्हरीबडी हर्ट्स' आठवला. १९९३, दिग्दर्शक जेक स्कॉट. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या हायवेवर गाड्या अडकून पडल्या आहेत. कॅमेरा एकेका गाडीत डोकावतो आणि आतल्या माणसाच्या मनातलं वाक्य खाली अक्षरांत उमटतं. कुणाला गेलेलं माणूस आठवतंय, कुणी नवऱ्याशेजारी बसून एकटी आहे, मागच्या सीटवर पोरं. कुणी बोलत नाही. शेवटी सगळे गाड्यांतून उतरतात आणि चालू लागतात.

हा व्हिडिओ मी कॉलेजात पाहिला तेव्हा 'छान कल्पना' एवढंच वाटलं होतं. गेल्या पावसाळ्यात बोरघाटात साडेचार तास अडकलो. वडिलांना हॉस्पिटलातून आणायला निघालो होतो, आणि ते आता घरी कायमचे झोपूनच राहणार हे डॉक्टरांनी सकाळी सांगितलं होतं. शेजारच्या लेनमध्ये एक नवरा-बायको, दोघंही समोर बघत. पलीकडे टेम्पोत एक मुलगा स्टिअरिंगवर डोकं टेकून. वायपर चालू. तेव्हा तो व्हिडिओ कळला. प्रत्येक काचेमागे एक वाक्य होतं आणि मला एकही वाचता येत नव्हतं.

त्यामुळे तुमचं 'शरीर बोलतं तेवढंच खरं' पूर्ण पटत नाही. पुष्कळदा शरीर काहीच बोलत नाही. माणूस गाडी चालवत असतो, बिल भरत असतो, डबा भरत असतो. त्या व्हिडिओने खाली अक्षरं टाकली ती याचसाठी, की चेहऱ्यावर काही लिहिलेलं नसतं.

---

मेमरीकार्ड

ताई, तुमचा लेख चांगला आहे. बाबांचं वाचून गलबलून आलं. पण शेवटचा परिच्छेद मला टोचला, म्हणून लिहितो.

मी बीड जिल्ह्यातला. २००८ ते २०१३ माझं मोबाइलचं दुकान होतं, स्टँडसमोर. रिचार्ज, कव्हर, आणि मुख्य धंदा म्हणजे कार्डात गाणी भरून देणं. गाणी आणि व्हिडिओ मिळून पूर्ण कार्ड भरायला तीस रुपये. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेली कोयत्याची माणसं कारखान्याकडं निघायची आणि निघायच्या आदल्या दिवशी दुकानात रांग लागायची. पाच-सहा महिने उसाच्या फडात राहायचं, करमणूक म्हणजे तो मोबाइल.

काय मागायचे सांगू? "भक्तीचं थोडं टाक, एक दोन तमाशाचं, आणि दर्दवालं भरपूर." दर्दवालं म्हणजे तुम्ही म्हणता तेच. पाऊस, दारूची बाटली, लग्नाच्या मांडवात नवरीच्या कपड्यातली ती आणि रस्त्यावर तो, शेवटी हॉस्पिटल नाहीतर गाडीखाली. इवलासा पडदा, चित्र फाटलेलं.

एक गडी होता, तिशीचा, अंगानं दणकट. त्याची धाकटी पोर फडातल्या कोपीवर असताना तापानं गेली होती. त्या वर्षी तो आला आणि म्हणाला, "ज्यात हिरो लई रडतो ते टाक." मी विचारलं कोणतं, तर नाव माहीत नाही. एकेक लावून दाखवलं. एका गाण्यात नायक पावसात गुडघ्यावर बसून ओरडतो. ते बघून म्हणाला, "हे. हे दोनदा टाक." मी म्हणालो एकदाच टाकलं तरी पाहिजे तेवढ्यांदा बघता येतं. तो म्हणाला, "टाक की."

त्या माणसाला फडात रडायला जागा नव्हती. पहाटे तीनला उठून मोळ्या बांधायच्या. बायकोसमोर रडला तर ती कोसळंल, टोळीसमोर रडला तर लाज. त्याच्या वाटचं त्या हिरोनं ओरडून दिलं. ते नाटक होतं हे त्यालाही कळत होतं, तो काही खुळा नव्हता. मला तर वाटतं, ते नाटक होतं म्हणूनच त्याला बघवत होतं. तुमच्या त्या म्हाताऱ्याचा खराखुरा हात त्याला बघवला असता का?

---

निळी_शाई

मेमरीकार्ड दादा, तुमचा प्रतिसाद दोन दिवसांत तीनदा वाचला. 'दुःखाचं नाटक' हे शब्द मी सहज लिहिले. ते लिहिताना माझ्यासमोर फक्त माझ्यासारखा बघणारा होता, लॅपटॉप असलेला, रात्री निवांत बसलेला. "हे दोनदा टाक" वाचल्यावर ते वाक्य तसंच उभं ठेवता येत नाही.

तरी एक विचारते, आणि खरंच विचारते आहे. त्या व्हिडिओंत दुःख नेहमी पुरुषाचं का असतं? आणि बाई नेहमी सोडून जाणारी किंवा मरणारी. त्या गड्याच्या बायकोने कार्डात काय भरून घेतलं असतं?

---

शमी

मी संस्कृत शिकवते. या चर्चेत भरतमुनींना आणल्याशिवाय राहवत नाही, कारण निळी_शाई ज्याला 'शरीर आपण होऊन बोलतं' म्हणतात त्याला नाट्यशास्त्रात नाव आहे: सात्त्विक भाव. ते आठ आहेत. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. वेपथु म्हणजे कंप. कॅशचा हात. स्वरभंग, त्याचा चिरलेला आवाज. सिनेडचं अश्रू. जिन्यावर थबकलेल्या जूनला मी स्तंभ म्हणेन. चार-पाच मिनिटांच्या दोन व्हिडिओंत चार सात्त्विक भाव मिळाले की!

पण निळी_शाई, तुम्ही काढलेला निष्कर्ष भरत काढत नाहीत. सात्त्विक भाव म्हणजे अभिनयाचा अभाव, असं ते म्हणत नाहीत. त्यांच्या मते सत्त्व मनातून उपजतं, आणि ते मन एकाग्र झाल्यावरच येतं. नटाला दुःख झालेलं नसतानाही मन तिथे नेऊन खरे अश्रू आणता आले पाहिजेत, नाहीतर तो नट कसला? म्हणजे सात्त्विक हाही अभिनयाचाच प्रकार आहे, आंगिक (अंगाचा), वाचिक (वाणीचा) आणि आहार्य (वेशभूषेचा) यांच्या जोडीचा. फरक 'अभिनय की खरं' असा नाहीच. मन तिथे गेलं की नाही, एवढाच फरक आहे.

बैठकीची लावणी ज्यांनी समोर बसून पाहिली असेल त्यांना हे लगेच पटेल. बाई बसलेली असते. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते, दर वेळी वेगळी अदा. एकदा रुसवा, एकदा विनवणी, एकदा नुसती मान वळवणं. शब्द तेच. विरहाची ओळ सहाव्यांदा येते तेव्हा डोळे भरतात ते तिचे की लावणीतल्या नायिकेचे, हे कुणी विचारत नाही. मला तर गाण्याच्या व्हिडिओतला क्लोजअप हा त्या बैठकीचा लांबचा नातेवाईक वाटतो. अंतर तेवढंच. कवितेतली विरहिणी आणि गाणारी बाई यांच्यात जशी एक फट असते, तशीच ती सिनेड आणि त्या गाण्यात आहे. त्या फटीतूनच आई वर आली ना?

---

धुकं_सकाळचं

बरेच महिने इथे नुसतं वाचतो आहे. पहिल्यांदाच लिहितोय.

मला रेडिओहेड या ब्रिटिश बँडच्या 'नो सरप्राइझेस'बद्दल सांगायचंय. ग्रँट जीने केलेला व्हिडिओ, १९९८ च्या सुमाराचा. त्यात बँडचा गायक थॉम यॉर्क याचं डोकं काचेच्या गोल शिरस्त्राणात आहे. बस्स. तो गातो आणि आत पाणी चढत जातं. हनुवटी, ओठ, नाक. मग तो गातच नाही, पाण्याखाली डोळे उघडे ठेवून थांबतो. बघवत नाही इतका वेळ. मग पाणी उतरतं आणि तो पुढची ओळ गायला लागतो, जणू काही झालंच नाही.

मी एकवीस वर्षांचा असताना इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी माझं काहीतरी बिघडलं. रोज लेक्चरला जात होतो, मेसमध्ये जेवत होतो, घरी फोनवर "सगळं ठीक" सांगत होतो. मित्र म्हणायचे, तुला काय झालंय, रडत तर नाहीस. मी रडत नव्हतोच. काही होतच नव्हतं. तो व्हिडिओ रूममेटच्या कॉम्प्युटरवर पाहिला आणि पहिल्यांदा माझ्याकडे एक चित्र आलं. पाणी चढतंय, काचेमुळे बाहेरच्यांना चेहरा स्वच्छ दिसतोय, आणि पुढची ओळ वेळेवर म्हणायची आहे.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा "काय होतंय" या प्रश्नाला मला तेच चित्र सांगता आलं. त्यांनी व्हिडिओ पाहिलेला नव्हता, तरी त्यांना कळलं. नंतर उपचार झाले. आता बरा आहे, नोकरी करतो.

शमी मॅडम, याला तुमच्या आठांतलं काय म्हणायचं? इथे तर चेहऱ्यावर काहीच होत नाही.

---

शमी

बाळा, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. आठांत शेवटचा 'प्रलय' आहे. साधारण अर्थ बेशुद्धी, पण वर्णनात निश्चेष्टपणा येतो, हालचाल नाही, भान हरपलेलं. तुमच्या स्थितीला अगदी तोच शब्द लावायचं धाडस मी करणार नाही. शब्द सापडायला तुम्हाला पाण्याने मदत केली, तेच तुमचं खरं.

---

कात्री_आणि_टेप

धुकं, तुमचा प्रतिसाद वाचून कामावर जरा वेळ बसूनच राहिलो.

त्या व्हिडिओमागची एक गोष्ट सांगतो, ती या धाग्याला धरून आहे. पाण्याखालचा तो लांबलचक वेळ खरा तेवढा नव्हता. तो भाग जास्त वेगाने चित्रित केला आणि मग संथ केला, त्यामुळे प्रत्यक्षात श्वास कमी वेळ धरावा लागला. तरीही यॉर्कला ते पुन्हा पुन्हा जमत नव्हतं. जीनेच बँडवर केलेल्या माहितीपटात ते फसलेले प्रयत्न आहेत: पाणी चढतं, तो धडपडतो, पाणी सोडायला लावतो, चिडतो. व्हिडिओत जो माणूस इतका शांत दिसतो, तो त्याच दिवशी त्याच काचेत घाबरून गेला होता.

म्हणजे युक्ती आहे, वेगाची लबाडी आहे, आणि भीतीही खरी आहे. तिन्ही एकाच शॉटमध्ये. भरतमुनींचं मला आज पटलं.

---

ऐकणारी

मी समुपदेशक आहे, किशोरवयीन मुलांबरोबर काम करते. धुकं, तुम्ही मदत मागितलीत याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

दुःख किती खरं दाखवलं याइतकंच बघणाऱ्याला काय कळलं हेही महत्त्वाचं, म्हणून दोन उदाहरणं देते.

पहिलं, पर्ल जॅम या अमेरिकन बँडचं 'जेरेमी', १९९२, दिग्दर्शक मार्क पेलिंग्टन. घरात आणि वर्गात कुणाच्या खिजगणतीत नसलेला मुलगा. गाण्यामागे टेक्सासमध्ये घडलेली खरी घटना होती, एका शाळकरी मुलाने वर्गासमोर स्वतःचा जीव घेतला होता. एमटीव्ही या संगीतवाहिनीच्या नियमांमुळे शेवट कापावा लागला. त्यामुळे पडद्यावर उरले ते रक्त उडालेले, गोठलेले वर्गमित्र. अनेकांनी अर्थ असा घेतला की त्याने वर्गमित्रांवर गोळ्या झाडल्या. व्हिडिओला १९९३ मध्ये एमटीव्हीचा सर्वोत्कृष्ट व्हिडिओचा पुरस्कार मिळाला, पण ज्या मुलाचं दुःख सांगायचं होतं तो बऱ्याच बघणाऱ्यांच्या लेखी खुनी ठरला. मला हे फार लागतं. एका कटने एका मुलाचं दुःख उलटं फिरवलं.

दुसरं उदाहरण २०१७ चं. लॉजिक नावाच्या रॅपरने एक गाणं केलं, ज्याचं नावच अमेरिकेतल्या आत्महत्या-प्रतिबंधक मदतवाहिनीचा तेव्हाचा फोन नंबर आहे. व्हिडिओत आपण समलिंगी असल्याचं कळल्यावर घरी आणि शाळेत एकटा पडलेला मुलगा आहे. तो शेवटच्या टोकाला जातो, तिथून फोन करतो, पलीकडून कुणीतरी बोलतं. मग आपण त्याला मोठा झालेला बघतो, स्वतःच्या संसारात, कडेवर बाळ. २०२१ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर अभ्यास आला. गाण्याची सर्वाधिक चर्चा झाली त्या ३४ दिवसांत मदतवाहिनीला अपेक्षेपेक्षा ९,९१५ फोन जास्त आले आणि आत्महत्या अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी झाल्या. गाण्यामुळेच झालं असं संशोधक ठामपणे म्हणत नाहीत, संबंध दिसतो असं म्हणतात. मला तो संबंध पुरेसा मोठा वाटतो.

दोन्ही व्हिडिओंत वेदना सारखीच आहे. एकात ती दाराशी येऊन थांबते, दुसऱ्यात दार उघडतं. मुलांना बघायला देताना मी दुसरा देते. कलाकृती म्हणून पहिला सरस आहे हे मला मान्य आहे, आणि तरीही.

कुणाला गरज असेल तर आपल्याकडे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं.

---

मेमरीकार्ड

निळी_शाई ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. दुकानात बाया फार कमी यायच्या. कार्ड नवऱ्याचंच असायचं. त्याच्या बायकोनं काय भरून घेतलं असतं, मला माहीत नाही. पाच वर्षांत मी कोणत्याच बाईला विचारलं नाही. घरी बायकोला विचारलं परवा. ती म्हणाली, "जात्यावरच्या ओव्या होत्या की आजीच्या काळी. मोबाइल आला, बायांचं गाणं गेलं." यापुढं मी काय लिहू.

---

उंबरठ्याबाहेर

मेमरीकार्ड दादा, वहिनींना एक व्हिडिओ दाखवा. 'मन के मंजीरे', २००० सालचा. गायल्या आहेत शुभा मुद्गल, शब्द प्रसून जोशींचे, संगीत शंतनू मोइत्रांचं, आणि 'ब्रेकथ्रू' या संस्थेने तो केला बायकांवरच्या घरगुती हिंसेच्या विरोधात. त्यात अभिनेत्री मीता वशिष्ठ ट्रक चालवते. मारझोडीच्या संसारातून बाहेर पडून चारचाकीचं स्टिअरिंग हाती घेतलेल्या अहमदाबादच्या एका खऱ्या बाईवरून ते सुचलं होतं.

मी तो पाहिला तेव्हा माहेरी परत येऊन आठवडा झाला होता. टीव्हीवर लागला. मार दाखवून गाणं भरता आलं असतं, तसे व्हिडिओ पुष्कळ पाहिलेत. पण इथे ट्रक आहे, रस्ता आहे, वाटेत चढलेल्या बायका आहेत, आणि तिचा चेहरा हळूहळू सैल होत जातो. दुःख दिसतं ते त्या सैल होण्यात. आधी तो चेहरा किती आवळलेला असेल, हे आपल्याला मागाहून कळतं.

आई शेजारी भाजी निवडत होती. तिने तोवर मला "परत कधी जातेस" हे रोज विचारलं होतं. त्या दिवशी नाही विचारलं. पुढेही नाही. व्हिडिओमुळे की आणखी कशामुळे, मला सांगता येणार नाही.

---

आडवाटेचा_प्रवासी

उंबरठ्याबाहेर, "मागाहून कळतं" हे फार नेमकं लिहिलंत. बोरघाटात मी जे बघत होतो तेही मला घरी पोचल्यावरच कळलं.

---

निळी_शाई

मंडळी, धागा काढला तेव्हा मला वाटलं होतं चार-पाच व्हिडिओंची नावं मिळतील. सगळं घरात वाचून दाखवते आहे. बाबांनी मेमरीकार्ड दादांचा गडी आणि शमीताईंचे आठ भाव, दोन्ही दोनदा वाचायला लावले. 'वेपथु' हा शब्द त्यांना आवडला. डॉक्टरांच्या चिठ्ठीतला शब्द त्यांनी कधी उच्चारला नव्हता. हा मात्र दिवसभर म्हणत होते.

शुक्रवारी म्हणाले, पेटी काढ.

कात्री दादा, म्हणून तुम्हाला विचारते. मला त्यांचं वाजवणं टिपून ठेवायचंय. फोनच आहे. कसं करू?

---

कात्री_आणि_टेप

ताई, खिडकीच्या कडेला बसवा, उजेड एका बाजूने येऊ दे. वरचा दिवा बंद. फोन पुस्तकांच्या थप्पीवर, हाताच्या उंचीला ठेवा. चेहरा आणि हात दोन्ही चौकटीत राहतील इतक्या अंतरावर. पंखा बंद, कारण त्याचा आवाज पेटीत मिसळतो. आणि महत्त्वाचं म्हणजे ते मध्ये थांबले तरी तुम्ही बंद करू नका. झूमही करू नका.

---

निळी_शाई

रविवारी सकाळी केलं. तुम्ही सांगितलंत तसंच, पुस्तकांच्या थप्पीवर.

भैरवी घेतली. भाता डाव्या हाताने, तोही थरथरत होता, त्यामुळे सूरच लाटांसारखा येत होता. पहिल्या दीड मिनिटानंतर थांबले. मी हलले नाही. पांढऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवून बसले. मग डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याच वेळी कोमल धैवताच्या जागी बोट घसरून पंचमावर गेलं. तसंच पुढे वाजवलं. एकूण चौदा मिनिटं.

नंतर त्यांना दाखवलं. चष्मा लावून शेवटपर्यंत बघितलं. मी वाट बघत होते, रडलेलं काढून टाक म्हणतील. म्हणाले, "रडलोय ते राहू दे. तो पंचम लागलाय तो काढ."

कात्री दादांना फोनवर विचारलं, त्यांनी क्लिप मागवून घेतली. ते म्हणाले, पाणी आणि पंचम एकाच क्षणी आहेत, एक काढलं तर दुसरंही जाईल.

तसं बाबांना सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग फोन लाव परत. पुन्हा वाजवतो."